सात पायरीच्या उतारावर

मी एक जुनी पिकअप आहे, मित्रांनो. जुनी म्हटल्यावर तुमच्या डोळ्यांपुढे गंजलेला पत्रा आणि चिंध्या झालेली सीट येईल. तसं काही नाही. तुमचा बालवाडीत जाणारा धाकटा भाऊ माझ्याहून फार लहान नसेल. पण आमच्या जातीत म्हातारपण वयाने येत नाही. समोरच्या कंपनीने नवीन मॉडेल काढलं की आमच्या कंपनीला त्याहून नवीन काढावंच लागतं, आणि सकाळी जी गाडी नवी असते ती संध्याकाळी जुनी ठरते. मी अशी उभ्या उभ्या जुनी झाले. त्याचा राग अजून माझ्या पोटात आहे, आणि तो लपवून मी गोड बोलणार नाही.

माझा जन्म सुमेर कंपनीच्या कारखान्यात झाला. तिथे कुणी माझ्या चासीवर ओझं झेलणारे पोलादी पाटे बसवले, कुणी इंजिन उतरवलं, कुणी पांढरा रंग फवारला. एका लांबलचक ट्रेलरवर चढून मी शहाद्याला आले, तेव्हा आजूबाजूला उसाच्या गाड्या पुरुषोत्तमनगरच्या साखर कारखान्याकडे चालल्या होत्या. त्यांच्या अंगावरचा ऊस पाहून मला फार हेवा वाटला. आता मलाही काहीतरी वाहायला मिळेल, कुणाचा कापूस, कुणाची पपई, कुणाची मिरची, असं मी मनाशी म्हणत होते.

तिथल्या शोरूमच्या मालकांनी, नवनीतशेठ पाटलांनी, माझ्यापुढे नारळ फोडला, पुढच्या काचेला झेंडूचा हार घातला, आणि दारावर रंगीत अक्षरांत लिहून घेतलं : ‘चालवून पाहा’. झालं. मी विक्रीची गाडी राहिले नाही. गिऱ्हाइकाला दाखवायची गाडी झाले.

रस्त्याच्या पलीकडे बरोब्बर समोर तेजबल कंपनीचं शोरूम होतं. त्यांच्याही दारात माझ्यासारखीच एक दाखवायची गाडी उभी असे, निळ्या रंगाची. त्यांनी गाडीबरोबर घड्याळ फुकट ठेवलं की आमचे शेठ छत्री आणि घड्याळ ठेवत. त्यांनी ‘दीड टन’ असा फलक लावला की आमच्याकडे दुसऱ्या दिवशी ‘पावणेदोन टन’ लागे. मित्रांनो, माझे पाटे तेच होते, चाकं तीच होती, ब्रेकही तेच होते. फक्त दारावरच्या आकड्यावर नवीन आकडा चिकटवला जाई. मला वाटायचं, कुणीतरी विचारेल की अहो, ही गाडी रात्रीतून बलवान कशी झाली? पण कुणी विचारत नसे. लोक आकडा वाचून माना डोलवत.

मला चालवायला दाऊद होता. शहाद्यातलाच, उंच, शांत माणूस. क्लच असा हळुवार सोडायचा की गिऱ्हाइकाच्या हातातला चहा हलत नसे. आणि समोरची निळी गाडी चालवायला होता त्याचा सख्खा धाकटा भाऊ, कलीम. दोघं सकाळी एकाच मोटरसायकलवर यायचे. रस्त्याच्या मधोमध थांबायचे. एक इकडे उतरायचा, दुसरा तिकडे जायचा. मग दिवसभर दाऊदने गिऱ्हाइकाला सांगायचं की तेजबल चढावर दमते, आणि कलीमने सांगायचं की सुमेरचा पत्रा पातळ आहे.

आधी दोघांची आई मेहरुन्निसा एकाच डब्यात दोघांचं जेवण द्यायची आणि दुपारी ते लिंबाखाली बसून ते खायचे. एकदा ते नवनीतशेठच्या नजरेस पडलं.

“दाऊद, तो पलीकडचा आहे,” शेठ म्हणाले. “आपली नवी स्कीम तू जेवता जेवता सांगून टाकशील.”

“शेठ, तो मन्हा भाऊ शे.”

“घरी भाऊ. इथे नाही.”

दुसऱ्या दिवसापासून एका डब्याचे दोन डबे झाले. हे ऐकायला किरकोळ वाटेल, पण मी पाहत होते. आधी दोघांनी एकमेकांच्या कंपनीची थट्टा केली. मग थट्टेला धार आली. मग मोटरसायकलवरून उतरताना कुणी कुणाशी बोलेनासं झालं. खरं सांगायचं तर, मलाही ती निळी गाडी आवडेनाशी झाली होती. तिच्यापुढे जायचंच, हे माझ्या इंजिनात कुणी कधी भरलं, मला कळलं नाही.

आणि माझं काम काय होतं? हौद्यात वाळूच्या गोण्या भरायच्या, गिऱ्हाइकाला बसवून लोणखेड्यापर्यंत जायचं, परत यायचं, गोण्या उतरवायच्या. पुढचं गिऱ्हाईक आलं की त्याच गोण्या पुन्हा चढवायच्या. मी वाहिलेल्या वाळूने कुणाची भिंत उभी राहिली नाही. मी नेलेलं काही कुणी शिजवून खाल्लं नाही. लोक म्हणत, “वा, काय दणकट गाडी!” आणि मी आतल्या आत चरफडत असे.

असं चाललेलं असताना तोरणमाळहून रमिलाबाई आल्या. तिथल्या बायकांच्या गटाच्या त्या अध्यक्ष. सीताफळं, भाजी, मका खाली बाजारात न्यायला गटाला गाड्या घ्यायच्या होत्या, एक नव्हे, पुष्कळ. रमिलाबाई आधी तेजबलमध्ये गेल्या, मग आमच्याकडे आल्या. पांढऱ्या फरशीवर चपला काढून उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या, “गाडी तोरणमाळला येऊ द्या. आमच्या बाया बघतील, मग ठरवू.”

दोन्ही कंपन्यांचे मोठे साहेब धावत आले. दोघांनी मिळून ठरवलं : चढाची शर्यत. वाळू भरून कोणाची गाडी आधी वर पोचते ते सगळ्यांसमोर दिसू दे. रमिलाबाईंना हे कळलं तेव्हा त्यांनी निरोप पाठवला, “वाळू कशाला? आमच्याकडे माती खूप आहे. रिकाम्या या आणि जाताना आमची सीताफळं बाजारात पोचवून द्या.” साहेबांनी मान्य केलं. चढाची शर्यत उताराची झाली, एवढाच फरक. शर्यत काही त्यांनी सोडली नाही.

माझ्या आनंदाला पारावार उरला नाही, मित्रांनो. खरा माल! कुणाच्या तरी झाडाचा, कुणीतरी हातांनी तोडलेला!

दिवाळी होऊन गेली होती. राणीपूर मागे पडलं, सागाचं रान लागलं, आणि सात पायरीच्या घाटाची वळणं एकावर एक चढत मी तोरणमाळला पोचले. तलावाजवळच्या मोकळ्या जागेत मांडव होता, दोन्ही कंपन्यांचे झेंडे होते, भोंगा होता. बायका सीताफळांचे कॅरेट आणि मक्याच्या गोण्या घेऊन बसल्या होत्या. रमिलाबाईंनी स्वतः पहिला कॅरेट माझ्या हौद्यात ठेवला. त्यावर हिरवा पाला अंथरलेला होता. तो थंडगार पाला अंगाला लागला आणि मला जन्म झाल्यासारखं वाटलं.

पण थोड्याच वेळात नवनीतशेठची नजर पलीकडे गेली. तेजबलने खास या शर्यतीसाठी आणलेल्या नव्या निळ्या गाडीत आमच्यापेक्षा एक थर जास्त लागला होता.

“आपल्याकडे दोन चढवा,” शेठ म्हणाले.

ते पाहून तेजबलच्या साहेबांनी तिसरा चढवायला लावला. मग आमच्याकडे गोण्या. मग त्यांच्याकडे गोण्या. माझे पाटे सपाट झाले, टायर फुगले. रमिलाबाई दोनदा म्हणाल्या, “पुरे, राहिलेलं उद्या जाईल,” पण भोंग्यात त्यांचा आवाज बुडाला. दाऊद खाली वाकून माझे पाटे पाहत होता. त्याला कळलं होतं. मग तो निळ्या गाडीजवळ गेला. कित्येक दिवसांनी दोघं भाऊ कामाच्या वेळी बोलले.

“कलीम, वरला दोन थर काढी टाक. उतार देख.”

“तू काढ पहिले. मी कसाले काढू?”

“तुन्ही गाडी कालदिन उनी. तिन्हा ब्रेक बसेल नही शेतस.”

“आते तू माले गाडी शिकाडशी?”

दाऊदचा चेहरा उतरला. तो परत आला, स्टिअरिंगवर बसला, आणि त्यानेही एकही थर काढला नाही. मला त्या दोघांचाही राग आला. दोघांनी एकदम हात घातला असता तर दोन मिनिटांत गाड्या हलक्या झाल्या असत्या. पण आधी कोण, इथे सगळं अडलं.

झेंडा पडला. दाऊदने सरळ दुसऱ्या गिअरवर मला उताराला लावलं. इंजिन घुं घुं करत मला मागे धरून ठेवत होतं. मागे कलीम होता, आणि त्याच्या शेजारी तेजबलचे साहेब. पुढे काय बोलणं झालं ते मला कलीमनेच नंतर सांगितलं, म्हणजे माझ्याखाली निजून दुरुस्ती करताना तो दाऊदला सांगत होता. साहेब सारखे म्हणत होते, “काढ ना पुढे! बैलगाडी चालवतोस काय?” कलीमने वरचा गिअर टाकला. वेग वाढला की ब्रेक दाबायचा, पुन्हा सोडायचा, पुन्हा दाबायचा. वळणामागून वळणं गेली, आणि माझ्या नाकाशी ब्रेकच्या जळक्या लायनरचा वास आला. तो माझा नव्हता.

दाऊदने आरशात पाहिलं. निळ्या गाडीचे दिवे भराभर उघडमीट करत होते. त्याला वाटलं, भाऊ बाजू मागतोय. त्याने जबडा आवळला आणि मला रस्त्याच्या मधोमध घेतलं. मग कलीमचा हात खिडकीबाहेर आला. तो हात पुढे जायची खूण करत नव्हता. तो वेड्यासारखा वरखाली हलत होता.

“या अल्ला,” दाऊद म्हणाला. “याना ब्रेक गयात.”

मित्रांनो, बाजूला होणं सोपं होतं. उजवीकडे जागा होती. कलीमची गाडी सुसाट निघून गेली असती, आणि पुढच्या वळणावर, जिथे कठडा तुटलेला आहे, तिथून खाली. दाऊद बाजूला झाला नाही. त्याने माझा वेग थोडा वाढवला, मागून येणाऱ्या वेगाला जुळेल इतका, आणि वाट पाहिली.

पहिला धक्का बसला तेव्हा माझा मागचा फाळका आत वाकला. दुसऱ्या धक्क्याला चासी कण्हली. मग निळी गाडी माझ्या पाठीला चिकटली ती चिकटलीच. दोघींचं ओझं आता माझ्या एकटीच्या ब्रेकवर आणि त्या दुसऱ्या गिअरवर होतं. सीताफळं फुटून रस्त्यावर उडत होती. मला वाटलं, मी तुटणार. दाऊदने स्टिअरिंग डावीकडे घेतलं, डोंगराच्या बाजूला. माझी डावी चाकं गटारात गेली, कूस दगडाला घासत चालली, पत्रा फाटत गेला, ठिणग्या उडाल्या. आणि आम्ही थांबलो.

निळ्या गाडीची पुढची काच भुगा झाली होती. साहेबांना ओरखडे आले होते. कलीमचा पाय डॅशबोर्डखाली अडकला होता. दाऊदने दार उखडून त्याला ओढून बाहेर काढलं आणि मांडीवर घेतलं.

“भाई,” कलीम कण्हत म्हणाला, “मी साइड मांगी नही ऱ्हायंतू.”

“माले मालूम शे. चूप ऱ्हाय.”

मागून येणाऱ्या गाड्यांतून लोक उतरून धावत आले. कुणी पाणी आणलं, कुणी मोबाइल वर धरून चित्रण करत राहिलं. रमिलाबाई रस्त्यावरच्या चिखलासारख्या झालेल्या सीताफळांमध्ये उभ्या होत्या. त्यांनी नवनीतशेठ आणि तेजबलच्या साहेबांकडे पाहिलं.

“आम्ही गाडी मागितली होती,” त्या म्हणाल्या. “शर्यत कोणी मागितली?”



तुम्हाला वाटेल, एवढं झाल्यावर सगळ्यांचे डोळे उघडले असतील. मलाही तसंच वाटलं होतं. कलीम दवाखान्यात असतानाच तेजबलने जाहीर केलं की चूक चालकाची, गाडीची नाही, आणि त्याला कामावरून काढलं. आणि आमच्या सुमेरने काय केलं? ते मोबाइलवरचं चित्रण मिळवलं. आठवड्याभरात शोरूमवर हा एवढा मोठा कापडी फलक चढला. त्यावर मी पुढे, माझ्या पाठीला चिकटलेली चेपलेली निळी गाडी मागे, आणि वर अक्षरं : ‘तेजबलला थांबवणारी एकच ताकद – सुमेर!’ ज्या शेठने दोन थर जास्त चढवले, त्यांनाच लोक गाडीबद्दल शाबासकी देऊ लागले. विक्री वाढली. मला धुऊन पुसून, वाकलेल्या फाळक्यासह दारात उभं केलं. लोक माझ्याबरोबर फोटो काढत. असल्या कौतुकाने माझा जीव गुदमरत होता.

एके दिवशी दुपारी मेहरुन्निसा आली. ती शोरूममध्ये कधीच आली नव्हती. पदर डोक्यावर घट्ट घेऊन ती फलकाखाली बराच वेळ मान वर करून उभी राहिली. शेठ बाहेर आले.

“या खाला. बसा ना.”

“बसाले नही उनू, शेठ. त्या फोटूमा काच फुटेल दिसी ऱ्हायनी ना?”

“हां.”

“तिन्हा मांगे मन्हा पोऱ्या शे.”

शेठने वर पाहिलं. मला वाटतं, तोपर्यंत त्यांनी त्या चित्रात फक्त गाड्याच पाहिल्या होत्या.

“खाला, मन्हा हातमा नही,” ते हळू आवाजात म्हणाले. “कंपनीनं धाडेल शे. काढं ते एजन्सी दुसराले दी टाकतीन.”

दाऊद हे ऐकत माझ्या दाराशी उभा होता.  त्याने शिडी आणली, तो वर चढला, एकेक दोरी सोडली. फलक खाली आला. त्याने तो नीट घडी करून शेठच्या हातात दिला आणि घडीवर माझी चावी ठेवली. मग आईचा हात धरून तो रस्ता ओलांडून निघून गेला.

फलक दुसऱ्या दिवशी पुन्हा लागला. दाऊद मात्र परत आला नाही.

पुढच्या पावसाळ्यात मला मागच्या अंगणात ढकललं. दारात आता नवीन मॉडेल होतं, आकडा आणखी मोठा. समोर तेजबलचंही नवीन होतं. माझ्या हौद्यात पाणी साचून डास झाले, बॅटरी उतरली, सीटमध्ये उंदराने घर केलं. जिने दोन गाड्यांचं ओझं पेललं, तिला झाकायला कुणाला एक ताडपत्री मिळाली नाही. मी रोज पलीकडून गोण्या चढल्या-उतरल्याचे आवाज ऐकायची आणि कुढायची.

मग पुन्हा सीताफळांचे दिवस आले आणि रमिलाबाई आल्या. शेठने नवीन गाडी दाखवली, घड्याळ दाखवलं, छत्री दाखवली. त्या सरळ मागच्या अंगणात आल्या.

“ही द्या.”

“बाई, ती अपघाताची गाडी आहे. लोक काय म्हणतील?”

“अपघात हिने केला नाही, थांबवला. पण एक सांगा शेठ, हिच्यावर खरं किती भरायचं?”

 शेठने वाकून माझ्या दारावरचा आकडा नखाने सोलला. त्याखाली दुसरा निघाला. तोही सोलला. अगदी तळाला कारखान्यात छापलेला बारीक आकडा होता. त्यावर बोट ठेवून ते म्हणाले, “एवढं. याच्या वर एक कॅरेटही नको.” इतक्या वर्षांत माझ्याबद्दल त्यांनी उच्चारलेलं ते पहिलं खरं वाक्य होतं.

कलीमने तोवर डोंगरगाव रस्त्यावर छोटं गॅरेज टाकलं होतं. त्याचा गुडघा पुरता वाकत नाही, म्हणून तो फळीवर आडवा होऊन काम करतो. दाऊद गटाच्या नोकरीवर आला होता. दोघा भावांनी मिळून माझी चासी सरळ केली, नवे लायनर घातले. काम करताना ते सारखे भांडत होते, पाना कुणी कुठे ठेवला यावरून. ते भांडण ऐकायला मला फार बरं वाटलं.

आता मी रोज तोरणमाळहून माल उतरवते. सगळं गोड झालंय असं समजू नका. माप भरलं की रमिलाबाई हात वर करतात आणि माल चढवणं थांबतं. परवा एका म्हातारीची गोणी उरली. ती लांबून डोक्यावरून घेऊन आली होती. “एकीनं काय होतंय?” म्हणून ती रडकुंडीला आली. रमिलाबाईंनी तिला ओट्यावर बसवलं, पण गोणी चढू दिली नाही. म्हातारी दाऊदला शिव्या देत राहिली, आणि तिचंही चूक नव्हतं. मला तिची गोणी न्यायची होती, फार न्यायची होती. पण नेता येत नव्हती.

आणि घाटात? मी दुसऱ्या गिअरवर सावकाश उतरत असते, तेव्हा मागून नव्या गाड्या येतात. सुमेरच्या, तेजबलच्या. डोक्याच्या वर माल, दारावर मोठाले आकडे. मला ओरडून सांगावंसं वाटतं, पण मला आवाज नाही. दाऊद मला कडेला घेतो, त्यांना जाऊ देतो, आणि त्या वळणाआड दिसेनाशा होईपर्यंत त्याचे हात स्टिअरिंगवर आवळलेले असतात.

मित्रांनो, तुम्ही मोठे व्हाल, गाड्या घ्याल, कदाचित विकालही. तेव्हा तुमच्या मनाला येईल तसं करालच. मी आज एवढंच मागते. घाटात एखादी भरलेली पिकअप हळू उतरताना पुढे दिसली, तर हॉर्न वाजवू नका. तिच्या मागे थोडा वेळ थांबा. ती दमलेली नाही, मागासलेली नाही. कुणाचा तरी माल आणि कुणाचा तरी मुलगा ती घरापर्यंत नेत आहे.